पडदा तेवढा माझा

तिनं शेवटचा देठ सुरीनं तिरका कापला, इतरांमध्ये खोवला आणि खिडकीतली फुलदाणी हलकेच अर्धी वळवली. ॲनिमोनी या विलायती फुलांचे देठ कापल्यावरही वाढत राहतात, उजेडाकडे वाकतात. मधूनमधून फिरवलं नाही तर सगळी फुलं एकाच बाजूला तोंड करून बसतात.

"एवढे लाड पोटच्या पोरांचे कुणी करत नाही," बाबा गल्ल्यामागून म्हणाले.

"नाट्यगृहाच्या बाई येईपर्यंत हात लावू नका हं, बाबा."

बाबांनी मान डोलावली, पण मनापासून नाही. गावातले निम्मे फुलवाले त्यांच्या हाताखाली शिकून गेले होते. गुलाब सोडून ही कागदी पाकळ्यांची, काळ्या डोळ्याची नखरेल फुलं दुकानात कशाला, हे त्यांना पटलं नव्हतं. आज ती बाईंच्या पसंतीला उतरली नाहीत तर पोरीनं पुन्हा नवं काही आणायचं नाही, असं बापलेकीत ठरलंच होतं.

ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गुच्छ द्यायला गेली. खिडकीत ऊन आलं. ऊन म्हणजे फुलांचा काळ, हे बाबांच्या हाडीमाशी खिळलेलं. पैज काहीही असो, पोरीच्या मेहनतीचा पाचोळा झालेला त्यांना बघवला नसता. त्यांनी उठून जाड पडदा ओढला, वर पंखाही लावला आणि समाधानानं जागेवर येऊन बसले.

ती परतली तेव्हा बाई फुलदाणीपुढे कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या.

"मालक, तुमच्या दुकानात असलं? अहो, ही तर सुकायला लागलीत!"

फुलं घट्ट मिटली होती. मुलीनं पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी चष्मा पुसायला घेतला.

"सुकली नाहीत, बाई," ती म्हणाली. "अंधार आणि गारवा असला की ही मिटतात. ऊब मिळाली की उघडतील. बसता थोडा वेळ?"

"भरदुपारी अंधार कुठून आला?"

"पडदा ओढलेला होता." एवढंच सांगून तिनं तो सरकवला आणि पंखा बंद केला.

चहा आला. बाई घड्याळ बघत होत्या, बाबा बाईंकडे बघत होते. मुलगी मात्र काहीच घडत नसल्यासारखी गुलाबांचे काटे काढत होती. बाबांनी तिचे हात पाहिले. एकही काटा सुटत नव्हता. या वयात आपण दहादा उठून फुलदाणीशी गेलो असतो, हे त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

चहा कधीच संपला होता. आधी एक लाल फूल सैल झालं, मग जांभळी, मग पांढरी. हळूहळू सगळी फुलदाणी उमलली.

"मानलं बुवा, मालक! तुमच्या हाताची सर कुणाला नाही."

हे वाक्य बाबांनी आयुष्यभर आवडीनं ऐकलं होतं. एकदा तर दुसऱ्याच दुकानातल्या गुच्छाचं कौतुक त्यांनी खुशाल मान तुकवून घेतलं होतं.

"फुलं हिची आहेत," ते म्हणाले. "पडदा तेवढा माझा."

बाई खळखळून हसल्या. "मग पुढच्या प्रत्येक प्रयोगाला हिचीच पाठवा. मांडायलाही हिलाच येऊ दे."

"तिला विचारा. ती ठरवेल," बाबा म्हणाले, आणि त्यांची छाती अशी फुलली की कौतुक त्यांचंच झालंय असं कुणालाही वाटलं असतं.

बाई फुलं घेऊन गेल्या. बादलीत अजून बरीच ॲनिमोनी उरली होती. बाबांनी एक रिकामी फुलदाणी उचलली, नळापाशी गेले आणि थबकले.

"पाणी किती घालू गं यात?"

मुलीनं चमकून वर पाहिलं. फुलांबद्दल बाबांनी कुणाला काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"चार बोटं. जास्त झालं तर देठ मऊ पडतात."

बाबांनी पाणी घातलं, बाहेरून बोटं लावून मोजलं आणि फुलदाणी तिच्यापुढे आणली.

"बघ बरं."

तिनं वाकून नीट पाहिलं. "जरा जास्त झालंय, बाबा."

बाबांनी निमूटपणे थोडं पाणी ओतून टाकलं आणि फुलदाणी पुन्हा तिच्यासमोर धरली.