काजूच्या बियांनी तोललेलं जग

मी एक जुना तराजू आहे. आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माणसांबद्दल माझं मत काही फारसं चांगलं नाही. यात माझा दोष नाही. विकणारा माझं पारडं बोटाने हळूच दाबतो, घेणारा तेच पारडं गुडघ्याने हळूच उचलतो, आणि दोघंही एकाच देवाची शपथ घेतात. असं चाळीस वर्षं पाहिल्यावर तुम्हीही माझ्यासारखेच झाला असता.

माझा जन्म राजापूरचा. एका लोहाराने माझी दांडी घडवली, खोलगट लोखंडी पारडी ठोकली आणि चार-चार साखळ्यांनी ती टांगली. तिथून मी लांज्याला रामजीशेठच्या वडलांच्या दुकानात आलो. काम एकच, काजूची बी तोलायची. मार्च उजाडला की डोक्यावर पोती घेऊन माणसं यायची. दर वर्षी सरकारी माणूस येऊन मला तपासायचा आणि दांडीवर शिक्का मारायचा. "रामजीशेठच्या काट्यावर न्या, तिथं खोटं नाय," असं लोक बोलायचे, तेव्हा मला दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटायचं. रामजीशेठला वाटायचं, ती स्तुती त्याची आहे.

मग लाल आकडे दाखवणारा विजेचा काटा आला. मला रिकाम्या पोत्यांमागे उभं केलं. पाच वर्षं मी तिथे होतो. एका कोळिणीने माझ्या साखळीत घर केलं, तेवढाच काय तो माझा उपयोग. शेवटी रामजीशेठने मला आपल्या गावच्या सभागृहाला देऊन टाकलं. लांज्यापासून आठ किलोमीटर आत हे गाव आहे. देताना त्याने नारळ फोडला, म्हणजे अडगळ नव्हे, दान वाटावं!

या गावाची एक चाल आहे. मे महिन्यात मुंबईकर घरी आले की आठ दिवस सगळ्यांनी मिळून श्रमदान करायचं. काम कोणतं, ते मुंबई मंडळ आणि गावकरी एकत्र बसून ठरवतात. मागल्या वर्षी देवळाच्या कमानीला रंग दिला. त्याच्या मागल्या वर्षीही कमानीलाच दिला होता, पण तो रंग मंडळाच्या अध्यक्षांना आवडला नव्हता.

यंदा खालच्या वाडीची एक अडचण होती. गेल्या पावसात त्यांच्या विहिरीचा जांभ्याचा कठडा आत कोसळला. चिरे, माती, झाडाचं एक अख्खं खोड, सगळं पाण्यात गेलं. फेब्रुवारीपासून वाडीतल्या बाया वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, सुक्या पात्रात खड्डा खणून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. टँकर दिवसाआड यायचा, म्हणजे यायचा म्हणून सांगायचे. विहीर पावसाआधी उपसली नाही, तर उरलेली भिंतही आत जाणार आणि विहीर कायमची बुजणार, हे स्पष्ट होतं. आठ दिवस आणि भरपूर हात, एवढंच काम होतं.

पण मंडळाचा चिटणीस राकेश यंदा मोठा विचार घेऊन आला होता. बैठकीत तो उभा राहिला. पांढरे बूट घालून. मे महिन्यात, लाल मातीत, पांढरे बूट! मी तिथेच माणूस ओळखला.

"आपण फार लहान विचार करतो," तो म्हणाला. "जग कुठे चाललंय, आणि आपण कमान रंगवतोय. यंदा आपण ठरवू, जगापुढची सगळ्यात मोठी समस्या कोणती. आणि आठ दिवस तिच्यासाठी देऊ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहान काम टळतंय असं दिसलं की मोठ्या विचाराला टाळ्या पडतातच.

भिंतीशी पाच डबे मांडले. त्यांवर कागद चिकटवले: युद्ध, हवामानबदल, कृत्रिम बुद्धिमत्ता, प्लास्टिक. पाचवा कागद कोरा होता. तेव्हा मागून मालन उठली. मालन खालच्या वाडीची. लांज्याच्या कारखान्यात ती काजू सोलते, टरफलाच्या तेलाने तिची बोटं कायमची काळी पडलेली आहेत.

"त्याच्यावर पाणी लिवा," ती म्हणाली.

राकेशने जरा विचार केला आणि लिहिलं. पाच डबे पाच नावांनी बरे दिसतात.

प्रत्येक मोठ्या माणसाने आपल्या घरची काजूची एक बी आणायची आणि हव्या त्या डब्यात टाकायची, असं ठरलं. ही कल्पनाही राकेशचीच. फोटोत छान दिसेल म्हणाला. आणि मग मला धुऊनपुसून, तेल देऊन, सभागृहाच्या आढ्याला टांगण्यात आलं. मला भरून आलं, हे कबूल करतो. पाच वर्षांनी अंगाला तेल लागलं होतं, आणि तेही जग तोलण्यासाठी!

मित्रांनो, मी वरून सगळं पाहत होतो. कोण कशाची काळजी करतो आणि का करतो, याचा हिशेब मी मनात मांडत होतो. युद्धाच्या डब्यात बी टाकणारे बहुतेक रोज रात्री टीव्हीसमोर जेवणारे होते. युद्ध त्यांना लोणच्यासारखं लागायचं. हवामानबदलाच्या डब्यात दोन शिक्षकांनी आणि त्यांच्याकडे पाहून बारा जणांनी बी टाकली. प्लास्टिकचे सहाच निघाले, त्यातले चौघे प्लास्टिकच्या पिशवीतून बी घेऊन आले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे मात्र रांग लागली. वरच्या वाडीचा बागायतदार बाळा सगळ्यांत पुढे. त्याचा मुलगा मुंबईत संगणकावर काम करतो.

"पोराचं काम ती मशीन खानार म्हनं," बाळा शेजाऱ्याला सांगत होता. "मंग तो हितं येनार. आनि हितं येऊन माझं डोस्कं खानार. याच्याहून मोठी समस्या हाय काय जगात?"

त्याच्या मागे वरच्या वाडीची सगळी बागायतदार मंडळी होती. या शत्रूविरुद्ध आठ दिवस फावडं कुठे मारायचं, हे कुणीही विचारलं नाही. नेमकं तेच त्यातलं सुख होतं. ज्या समस्येपुढे आपल्याला काहीच करता येत नाही, तिची काळजी अगदी निवांत करता येते.

एक बी मात्र मी वेगळी धरली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या गंगाआजीने ती युद्धाच्या डब्यात टाकली. तिचा नातू जहाजावर खलाशी आहे. जिथे जहाजांवर हल्ले होतात, त्या समुद्रातून त्याचं जहाज जातं. आजी रोज सकाळी सातला शाळेमागच्या कातळावर जाऊन उभी राहते, कारण गावात तिथेच रेंज येते. त्या डब्यातल्या बाकीच्या सगळ्या बिया एका बाजूला आणि आजीची एक दुसऱ्या बाजूला ठेवली असती, तर माझी दांडी कुठे झुकली असती, हे मला सांगायची गरज नाही.

सगळं टाकून झालं. आता निकाल. आणि इथे गावाने ती चूक केली, जी बहुधा काजूच्या मुलखातच होऊ शकते. मतं मोजायची असतात. पण या मुलखात काजूची बी कुणी मोजत नाही, तोलतात. बापजाद्यांपासून तोलत आलेत. त्यामुळे डबे माझ्या पारड्यात ओतले जाऊ लागले, तेव्हा एकशे छप्पन्न माणसांपैकी एकालाही काही वावगं वाटलं नाही. खरं सांगतो, मलाही वाटलं नाही. मी छाती काढून तोललं. पाणी तीनशे ग्रॅमच्या थोडं वर भरलं. कृत्रिम बुद्धिमत्ता चारशेच्या पार गेली. बाकीचे डबे बरेच खाली राहिले.

"कृत्रिम बुद्धिमत्ता!" राकेशने जाहीर केलं. आठ दिवसांत फेरी, फलक आणि सामूहिक शपथ असा कार्यक्रमही त्याने खिशातून काढला. तो आधीच छापलेला होता.

मालन उठून पुढे आली. भांडायला आली असं सगळ्यांना वाटलं. पण तिने माझ्या पारड्यातली एक बी उचलली, दुसऱ्या हाताने पाण्याच्या डब्यातली एक उचलली आणि दोन्ही तळव्यांवर घेऊन रामजीशेठपुढे धरल्या.

"शेठ, तुमी वळखाल."

ओळखायला काय, आंधळ्यानेही ओळखलं असतं. एक बी कलमी झाडाची, अंगठ्याएवढी जाड, नऊ ग्रॅमची. दुसरी रानातल्या गावठी झाडाची, जेमतेम पाच ग्रॅम. वरच्या वाडीला बागा आहेत, खालच्या वाडीला नाहीत. खालच्या वाडीने रानात वेचलेली बी आणली होती.

"ही बाळाभावोजींच्या बागंतली," मालन म्हणाली. "त्यांची येक बी म्हंजे आमची दोन मानसं?"

"वयनी, मी काय मुद्दाम जाड बी आनली?" बाळा चपापून म्हणाला.

"तुमी नाय आनली वो. पन जड भरली."

मला त्या क्षणी माझ्या शिक्क्याची लाज वाटली. मी एका ग्रॅमचंही खोटं तोललं नव्हतं, आणि निकाल सगळा खोटा होता.

रामजीशेठने दोन्ही बिया आपल्या तळव्यावर घेतल्या. याच माणसाने वर्षानुवर्षं दोन्ही वाड्यांची बी माझ्यावर तोलून घेतली होती. तो म्हणाला, "मतं हायेत ना? मंग मोजा."

मोजली. पाणी एकसष्ट. कृत्रिम बुद्धिमत्ता अठ्ठेचाळीस.

राकेशचा चेहरा उतरला, पण कार्यक्रमाचा कागद अजून हातातच होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण एक तांत्रिक मुद्दा आहे. आपण जागतिक समस्या निवडतोय. विहीर हा खालच्या वाडीचा प्रश्न झाला. तो जगाचा नाही."

मालनने कमरेचा पदर घट्ट केला.

"राकेशभावोजी, आमची वाडी जगाच्या भायेर हाय काय?"

पहिली हसली ती गंगाआजी. दात नसलेल्या तोंडाने, अगदी मोकळं. मग राकेशने कागद खिशात परत ठेवला आणि म्हणाला, "उद्या सकाळी सात वाजता."

आता माझा हिशेब ऐका. एकशे छप्पन्न माणसांना जगाची काळजी होती. दुसऱ्या दिवशी सातला विहिरीवर खालच्या वाडीतले बावन्न जण होते आणि वरच्या वाडीतले अकरा. हवामानबदलाचे दोन्ही शिक्षक लग्नाला गेले होते. प्लास्टिकवाल्यांपैकी एकजण आला, पाण्याच्या बाटल्या घेऊन. युद्धवाल्यांपैकी फक्त गंगाआजी आली. सातला कातळावर गेली म्हणून जरा उशिरा आली, नातवाचा निरोप आलेला पाहिला आणि मग चिरे रचायला बसली. आणि ज्याच्याकडून मी काहीच अपेक्षा धरली नव्हती, तो बाळा आपला डिझेलचा पंप घेऊन हजर झाला.

"मशीन ती मशीन," तो पंप सुरू करताना पुटपुटला. "ही तरी आपलं ऐकते."

मी हे सगळं पाहिलं, कारण मीही तिथे होतो. घमेली कमी पडली, तेव्हा रामजीशेठ सभागृहात आला, माझी पारडी साखळ्यांसकट उतरवली आणि विहिरीवर नेली. चाळीस वर्षं ज्यांच्यात नुसती कोरडी बी पडली, त्यांत आता चिखल भरून दोराने वर खेचला जाऊ लागला. पहिल्या खेपेला मला किळस आली. दहाव्या खेपेला मी मोजायला लागलो. सहा दिवसांत माझ्या दोन पारड्यांनी सातशे चौदा खेपा केल्या. राकेश कामाच्या दुसऱ्या दिवशी फोटो काढायला आला, घसरला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. बूट विहिरीतच राहिले. तो बाहेर आला तो अनवाणी, आणि पुढचे चार दिवस दोर ओढत होता. त्याच्या खात्यावर मी ते मांडून ठेवलं आहे. जास्त नाही, चार दिवस म्हणजे चारच.

सहाव्या दुपारी तळाशी, चिऱ्यांच्या फटीतून, करंगळीएवढा पाझर फुटला. वरून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालन खाली उतरली, तिने काळ्या बोटांनी फटीतली माती आणखी उकरली आणि हात तसाच पाण्यात धरून बराच वेळ बसून राहिली. उरलेले दोन दिवस कठडा बांधण्यात गेले.

मित्रांनो, आता मी पुन्हा सभागृहात टांगलेला आहे. माझी पारडी चेमटली आहेत, माझा काटा मध्यावर उभा राहत नाही, आणि कुठलाही सरकारी माणूस माझ्यावर आता शिक्का मारणार नाही. पुढच्या मे महिन्यासाठी मंडळाची नवी यादी तयार होते आहे म्हणे. होऊ द्या. जगात दुःखं खरीच आहेत आणि त्यातली काही विहिरीहून कितीतरी मोठी आहेत. युद्ध मोठं आहे, हे गंगाआजीकडून मी शिकलो. तुम्हीही याद्या करा, वाद घाला. पण माझी एक विनंती आहे. मला गंजू द्यायचं नसेल, तर महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवा. आणि माझ्या पारड्यात काही टाकण्याआधी, जी काळजी आपल्याला सगळ्यात मोठी वाटते तिच्यासाठी उद्या सकाळी सातला आपण कुठे उभे असणार, ते मनाशी ठरवा. कातळावर, विहिरीवर, कुठेही चालेल. तेवढं ठरत नसेल, तर बी घरी घेऊन जा आणि भाजून खा. निदान ती तरी वाया जाणार नाही.