बाबा दहाव्या पानावर

दिग्दर्शकाचं तुणतुणं एकच होतं: नायिकेचा नवरा मेल्याशिवाय गोष्ट हलत नाही, आणि मी त्याला मरूच देत नाही. माझ्या पटकथेत नवरा चाळिसाव्या पानावर जायचा. त्याला दहाव्यावर आण, नाहीतर दुसरा लेखक बघतो, असं दिग्दर्शकाने शेवटी सांगून टाकलं.

तो नवरा म्हणजे माझे बाबा. शिलाई मशीन दुरुस्त करायचे. तेलकट बोटांनी चष्मा वर सारणं, गिऱ्हाइकांची फिरकी घेणं, मला दुकानातल्या स्टुलावर बसवून पेपर वाचून दाखवणं, सगळं मी लिहिलं होतं. घटना काय, कुणीही रचतो. माणूस उभा करायला जीव ओतावा लागतो, असं मी दिग्दर्शकाला सुनावलंही होतं. त्याने जांभई दिली.

काम तर हवं होतं. मुकाट्याने कात्री लावली. चष्मा गेला, फिरकी गेली, स्टूल गेलं. बाबा एकदा गेले होतेच. या वेळी मीच घालवले.

प्रत्येक खर्डा मी आईला वाचून दाखवायचे. ती मान खाली घालून, कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. तिला भरून येत असणार, असं मी धरून चालले होते. या वेळी दहाव्या पानावर बाबा गेले आणि मी थांबले. आता ही रडणार म्हणून पाण्याचा पेला जवळ ओढला.

आईच्या हातातली घडी तशीच राहिली.

"पुढे काय होतं गं?"

इतक्या खर्ड्यांत तिने हे कधीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बायको दुकान उघडते, स्वतः चालवते.

"मला त्यांनी त्या दुकानाची पायरी चढू दिली नाही," आई म्हणाली. "तुला स्टुलावर बसवायचे. मी दारातून डबा द्यायचा आणि परत फिरायचं. असू दे ते. तिला जमतं का सांग."

मी पानं चाळली. नवरा मरेपर्यंत या नायिकेच्या तोंडी एकच वाक्य होतं: डबा आणलाय. पुढे ती कुलूप काढत होती, मशीन खोलत होती. पण तिला हसू कशाचं येतं, ती चिडते कशावर, यातलं एक अक्षर मी लिहिलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं.

"जमतं," मी म्हणाले.

"कसं?" आईने विचारलं.

मी शेवटचं पान पालथं घातलं, पेन उघडलं आणि तिलाच विचारलं, "तू कसं केलं असतंस?"