कोऱ्या काचेची ढाल

मित्रांनो, वेल्डर जी तोंडापुढे धरतो, ती ढाल मी. काळ्या फायबरची, पाठीला मूठ आणि मधे काळी काच. वय सहा वर्षे. त्यातली साडेपाच भिंतीवरच्या खिळ्याला टांगून गेली.

कामशेतच्या निवृत्तीभाऊंच्या दुकानात मी आले, तेव्हा त्यांनी मला कौतुकाने कपाळाला लावले. लांब शिवण, म्हणजे लोखंडाचा सलग जोड मारताना मला ते हातात घेत. पण गेट असो की ग्रिल, आधी जागोजागी छोटे टाके मारावे लागतात. टाका क्षणाचा, म्हणून तेवढ्यापुरते डोळे मिटायचे, ही तिथली रीत. मिटण्याआधी वेल्डिंगच्या कांडीचे टोक कुठे टेकले ते माणूस बघतोच. मी वरून मोजत असे. दिवसाला दोनशे टाके, म्हणजे दोनशे वेळा बघणे. सहा महिन्यांत माझी काच ठिणग्यांनी भरली, तेव्हा त्यांनी नवी बसवली; पण पुढे लांब शिवणही ते माझ्याशिवाय तशीच उरकू लागले.

एकदा त्यांची बायको भामाबाई म्हणाली, "अवं, ही काय देव्हाऱ्यात बसवायला आणली व्हय?"

"हात दोनच हायेत. एकात कांडीचा होल्डर, दुसऱ्यात पट्टी. हिला काय दातात धरू?"

"मंग मी धरते तुमच्या तोंडापुढं."

"धर की. समदं कामशेत बघायला येईल."

झाले. गाव हसेल, एवढ्यावर डोळ्यांचा निकाल लागला.

संध्याकाळी डोळे वाळू गेल्यासारखे चुरचुरत. मग बटाट्याच्या चकत्या ठेवून ते पडत. सकाळी आराम वाटला, की म्हणत, "बघ, उतरलं." उतरलेले तेवढेच त्यांनी धरले, आत साचलेले कोण धरणार?

यंदा पवनानगरच्या तंबूवाल्यांच्या लोखंडी सांगाड्यांचे काम आले. आठवडाभर टाके. शेवटच्या दिवशी त्यांनी मला खिळ्यावरून काढले, शर्टाने माझी काच पुसली, दिव्याकडे बघत डोळ्याला लावली, परत पुसली.

"काच मळलीय. मधोमध डाग दिसतोय."

मी स्वच्छ होते, मित्रांनो.

तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितले, "डोळ्याचा मागचा पडदा मधोमध भाजलाय."

"पण दुखत तर न्हाई, डाक्टर."

"पडदा दुखत नाही. म्हणून तर तुम्ही उशिरा आलात." थोडे सुधारेल कदाचित, म्हणाले, पण शिवण मारायची नजर परत येईल, असे म्हणाले नाहीत.

आता मशीन झाकलेले असते. काल भामाबाई चहा घेऊन आली.

"बोलताना माज्याकडं तरी बघा की. खांद्याकडं काय बघताय?"

"तुलाच बघतोय," ते हळूच म्हणाले. "सरळ बघितलं की तुजं तोंड दिसत न्हाई."

तिने चहाचा कप त्यांच्या बोटांत नीट धरवला.

मित्रांनो, रस्त्यात वेल्डिंगचा निळा उजेड दिसला, तर मजा म्हणून बघत थांबू नका. आणि घरात कुणी हे काम करत असेल, तर त्याच्या ढालीची काच एकदा बघून या. ठिणग्यांच्या टिपक्यांनी ती भरलेली असेल, तर निर्धास्त जेवा.

माझी अजून कोरी आहे.