ओला हात

सिस्टरनं पोराला पायांना धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. रडेना. तिनं गार पाण्यात हात बुडवला आणि ओला तळवा त्याच्या कपाळावरून, छातीवरून फिरवला. पोरानं असा काही टाहो फोडला, की बाहेर बसलेला घड्याळवाला येऊन दारावरच आदळला.

"मुलगा आहे," ती म्हणाली. "आवाज मात्र तुझा नाही, तुझ्या बहिणीचा."

दोन खाटांचं तिचं प्रसूतिगृह चर्चच्या गल्लीत, राहत्या घरातच होतं. तिथली बाळं तिच्या हातची, तशीच मशिदीच्या गल्लीतलीही. मशिदीच्या गल्लीतला हा घड्याळवाला तर तिच्या आईच्या हातचा. त्याच्या घरी लग्न असलं, की सिस्टरला पुढची खुर्ची ठरलेली असे.

निवडणुकीचे दिवस होते. साहेब बाळ बघायला घड्याळवाल्याच्या घरी आले. ते ना या गल्लीचे, ना त्या गल्लीचे. पण दोन्ही गल्ल्या एकाच बाजूला मत टाकत आणि साहेब दर वेळी पडत.

"जन्मल्यावर रडलाच नाही म्हणे?"

"सिस्टरनं पाणी लावलं कपाळाला, तेव्हा कुठे श्वास घेतला पठ्ठ्यानं," घड्याळवाला कौतुकानं म्हणाला.

साहेबांनी कप खाली ठेवला. "कपाळाला? चर्चमध्ये बाळाला त्यांच्या धर्मात घेतात, तेव्हाही तसंच लावतात, नाही का?"

घड्याळवाला हसला. साहेब हसले नाहीत.

मशिदीशेजारच्या मैदानात सभा भरली. साहेबांनी घड्याळवाल्याला हाताला धरून व्यासपीठावर घेतलं. "एवढंच सांग सगळ्यांना. तुझ्या पोराच्या कपाळाला तिनं पाणी लावलं की नाही?"

समोर भाऊबंद होते, सासरा होता. माईक तोंडाशी आला.

"लावलं, पण..."

माईक तोवर साहेबांच्या हातात गेला होता.

अंधार पडायच्या आतच प्रसूतिगृहावर दगड आले. घड्याळवाला धावत आला आणि पायरीवर हात पसरून आडवा उभा राहिला. "पोर वाचवलंय तिनं माझं!" तो ओरडत होता. खिडकीतून सिस्टरला त्याची पाठ दिसत होती, भिजलेला सदरा दिसत होता. एक दगड त्याच्या खांद्यावरून आत आला आणि तिचा डावा डोळा घेऊन गेला.

ती दवाखान्यात असताना साहेब भेटायला आले. बरोबर फादर, पोलिसांचा अधिकारी आणि एक फोटोवाला.

"यापुढे तुमच्या गल्लीच्या केसालाही धक्का लागणार नाही," साहेब म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "सिस्टर, गर्दीत तो घड्याळवाला होता?"

सभेत तो काय बोलला, ते शेजारणीनं तिला पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं.

"होता," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं पेन तसंच धरून ठेवलं. "आणखी काही सांगायचंय?"

फादर तिच्याकडे बघत होते. तिनं पट्टीवर हात नेला.

"ठणकतंय फार. झोपू द्या मला."

त्याच दुपारी घड्याळवाल्याला दुकानातून उचललं. मतदान झालं. या वेळी साहेब निवडून आले. मिरवणूक दोन्ही गल्ल्यांतून निघाली आणि दोन्हीकडे त्यांच्या गळ्यात हार पडले.

नंतर एका सकाळी घड्याळवाल्याची बायको बाळाला पदराखाली झाकून सिस्टरच्या दारात आली.

"दूध ओढत नाही हो. कुणाकडे जाऊ?"

सिस्टरनं तिला खाटेवर बसवलं. बाळाची मान वळवली, हनुवटी बोटानं खाली केली. थोड्या झटापटीनंतर ते चुटूचुटू पिऊ लागलं. बायकोनं डोळे पुसले.

"ह्यांचा आतून निरोप आलाय," ती म्हणाली. "घाबरू नकोस म्हणतात. मी दारात आडवा उभा होतो, ते सिस्टरनं पाहिलंय, तीच सांगेल सगळं."

सिस्टरनं बाळाच्या डोक्याखाली दुपट्याची घडी सारली.

"झोपलं असलं तरी उठवून पाजत जा," ती म्हणाली. "अंगावर धर, म्हणजे ओढेल."

मग ती उठली आणि तिनं जावं म्हणून दार उघडून उभी राहिली.