वाकडे उच्चार

छापखान्यात काकांची खुर्ची खिडकीपाशी आणि समोर त्यांची पुतणी. बारा वर्षांचा शिरस्ता असा, की तिने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि काकांनी छापील प्रुफावर नजर ठेवून चुका धरायच्या. कानाला सारखे लागणारे इंग्रजी शब्द हमखास फसवतात, म्हणून दोघांनी आपले वाकडे उच्चार ठरवले होते. रात्रीचा तो ‘नाइट’, पण घोड्यावरच्या सरदाराचा ‘क्नाइट’. मुकं अक्षरही बोलायचं. ऐकणारे हसत, हसोत बापडे.

उन्हाळ्यापासून काकांना अक्षरं दिसेनाशी झाली होती. मालकांना कळलं तर खुर्ची जाणार, आणि घरी बसून हा माणूस भिंती मोजणार का? झाकली मूठ सव्वा लाखाची! ती वाचताना काही कानाला खटकलं की ते अंदाजाने समासात खूण करत आणि वर कुरकुरत, “हल्ली लेखकच गचाळ लिहितात.”

मग अशाच जुळ्या शब्दांचं शालेय पुस्तक छापायला आलं. लिहिणाऱ्या बाई म्हणजे काटेकोरपणाचा कहर.

“सूर्य मावळला की क्नाइट होते,” पुतणीने वाचलं.

काकांची पेन्सिल थांबली. ह्या बाई असं लिहिणं शक्य नाही. मग पोरगी वाचतेय तरी काय? त्यांनी समोरच्या कागदावर बोट फिरवलं. बोटाला बॉलपेनचे वळ लागले.

हस्तलिखित त्यांच्यापुढे होतं. प्रूफ तिच्या हातात.

“ही अदलाबदल कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून, काका. तुमच्या खुणा मी संध्याकाळी प्रुफावर उतरवते.”

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसे काका चार महिने पीत होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्या पोरीच्या चार महिन्यांच्या संध्याकाळी आठवल्या.

“आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

काका टेबलाला धरून उठले आणि मालकांच्या दारात जाऊन उभे राहिले. “माझे डोळे गेले. प्रूफ चार महिने हीच वाचून दाखवतेय. खिडकीची खुर्ची आता तिची.”

मालकांनी चष्मा काढून पुसला. “आणि तुम्ही?”

मागून पुतणी म्हणाली, “ते समोर बसतील. मी वाचते तेव्हा चूक मला दिसत नाही, त्यांना ऐकू येते.”

मालक आत वळले. “मग बसा की. पुस्तक सोमवारी द्यायचंय.”

काकांनी चाचपडत समोरची खुर्ची ओढली.

“हं, वाच,” ते म्हणाले, “आणि जरा मोठ्याने.”