कुंपणापलीकडचं डबकं

नैसर्गिक वायूच्या जुन्या विहिरीतल्या पोलादी पाइपाची खोलवर गंजून चाळण झाली होती. फोरमनने आत नवी नळी बसवून भोकं बुजवली. दाबाचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या डबक्यात त्याला बुडबुडे दिसले. म्हणजे वायू पाइपाबाहेरून, मातीतून वर येत होता. समोरच्याच गल्लीत बहिणीचं घर होतं. त्याने फोन लावला.

"ताई, गॅस पेटवू नकोस. पोरांना घेऊन बाहेर पड."

"अरे, सकाळपासून बोअरच्या नळाचं पाणी फसफसतंय. तुला सांगणारच होते."

ताई पोरांसह रस्त्यावर आली. बाकी गल्ली दारं लावून दुपारची झोपली होती. ठिणगीच्या धास्तीने बेलला हात न लावता तो एकेक दार ठोठावत सुटला.