बी कोण, सी कोण

मी एक ड्रायव्हर बोलतेय. गाडीची नव्हे हो, कॉम्प्युटरची! ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी आतल्या खोलीत, जिला कर्नल म्हणतात, तिथे माझा मुक्काम. मी एक प्रोग्राम. कोणी मला लिहिलं, कोणी दुरुस्त केलं; माझ्या जन्माला बरेच हात लागले. सगळं सुरळीत असेपर्यंत माझी आठवणही कोणाला होत नाही.

माझं काम कान टवकारून बसण्याचं. बाहेर कोणी डिस्क लावली की आत हाक येते आणि मी दचकते. रोज दचकते, तरी सवय म्हणून होत नाही. मग धावत जाऊन विचारते, ‘कोण गं तू? कुठल्या कंपनीची? नंबर काय? पोटात मावतं किती?’ प्रत्येक डिस्कला जन्मतःच स्वतःचा नंबर मिळालेला असतो. तो मी टिपून घेते आणि हाकेपुरतं एक अक्षर देते. आमच्या सिस्टिममध्ये आतली कायमची डिस्क ‘ए’. बाहेरून पहिली येईल ती ‘बी’, नंतरची ‘सी’. अक्षर म्हणजे रांगेतली जागा, नाव नव्हे. उठून गेलं की जागा गेली. पण हे माणसांना कोण समजावणार?

मी ज्या घरात आहे तिथे आई आणि तिची मुलगी राहतात. मामाचं जाणं-येणं असतं. आई अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. आता ती खुणांनी बोलते. घरी सराव करतानाचं रेकॉर्डिंग तेवढं एका जुन्या डिस्कवर उरलं होतं. दुसरी प्रत नाही. डिस्क म्हातारी, फिरायला लागली की कुरकुरायची. म्हणून मामाने स्वतःची एक डिस्क आणली. ती पुसून कोरी करायची आणि तिच्यावर आईचा आवाज उतरवून घ्यायचा, असं ठरलं.

मुलीने आधी आईची डिस्क लावली, मग मामाची. मी अक्षरं दिली. मामाने लगेच दोन्ही डिस्कच्या पाठीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं: आईची बी, स्वतःची सी.

“आता चुकायचं काम नाही,” तो म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. उठताना पाय वायरीत अडकला. दोन्ही डिस्कच्या वायरी ज्या एका हबमध्ये, जोडखोक्यात, खोचल्या होत्या, त्याचीच वायर निखळली.

मी केवढ्याने दचकले! दोघी एकदम गेल्या. अक्षरं मोकळी झाली.

“काही नाही झालं, काही नाही झालं,” म्हणत मामाने वायर परत खोचली. पण म्हातारीला वेग घ्यायला वेळ लागतो. मामाची डिस्क तरणीताठी, टुणकन आधी हजर. मी तिला बी दिलं. मागून धापा टाकत आलेल्या आईच्या डिस्कला सी.

पाठीवरच्या चिकटपट्ट्या मात्र आधीचंच सांगत होत्या.

“मामा, सी पुसायची ना?”

“पट्टी बघ की. सी माझी. पूस बिनधास्त.”

मला दोघींचे नंबर तोंडपाठ होते. पण विचारल्याशिवाय बोलायची मला सोय नाही. जीव नुसता टांगणीला लागला.

तेवढ्यात आईने मुलीच्या खांद्यावर थोपटलं. स्वतःच्या डिस्ककडे बोट दाखवलं, मग पदराकडे. काढून घेऊ का?

“अगं आई, बीला मी हातसुद्धा लावत नाहीये. किती घाबरशील!”

मामा हसला. “ताई, तू म्हणजे कुलूप लावून चारदा ओढून बघणारी!”

आईने दोघांचंही ऐकलं नाही. सरळ आपल्या डिस्कची वायर उपसून ती पोटाशी धरली.

मी दचकले, आणि दचकतच वर कळवलं, सी गेली.

पडद्यावरची सी नाहीशी झाली. बी तशीच राहिली. मुलीचं बोट बटणावर थबकलं.

“मामा, आईने बी काढली ना?”

“हो. ही काय पट्टी.”

“मग सी कशी गेली?”

मुलीने चटका बसल्यासारखा माऊस सोडला. मामाने पडद्याकडे बघितलं, मग पट्टीकडे. “ताई,” तो कसाबसा म्हणाला, “तू चाळीसदा ओढून बघत जा गं.”

मग त्यांनी पट्ट्या फाडल्या. मुलीने पहिल्यांदाच मला नंबर विचारला आणि डिस्कच्या पाठीवर छापलेल्या नंबराशी ताडून पाहिला. मामाची डिस्क एकटी लावून पुसली. त्यानंतरच आईची लावली. आवाज असो नाहीतर हिशेब, मला सगळे आकडेच. पण त्या दिवशी मी ते फार जपून वाहून नेले.

नव्या डिस्कवरून रेकॉर्डिंग सुरू झालं. गोष्टीच्या दोन ओळी झाल्या आणि मध्येच तो आवाज ओरडला, “अगं ए, गॅस बंद कर, दूध उतू चाललंय!”

“केला गं, केला,” मुलगी म्हणाली आणि रडायलाच लागली. आई मात्र हसत होती. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

आता दुपारी आई एकटीच ते लावते आणि त्या आवाजाबरोबर ओठ हलवते. आवाज कुठेही अडखळू नये म्हणून मी एकेक तुकडा वेळेवर पोचवते. तुमच्याही घरात असं कोणाचं काही असेल. पुसण्याआधी एकदा मला नंबर विचारा, अक्षरावर जाऊ नका. आणि डिस्क काढताना आधी मला सांगून काढा. आईने न सांगता उपसली, तेवढं मात्र तिला माफ.